सीटवरचं कुंकू

इटालियन स्पोर्ट्स कार हे शब्द आमच्या लालबागच्या खोलीत पहिल्यांदा आले ते गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी, बाबांच्या तोंडून. तोवर बाबांचं यंत्र एकच, त्यांचा साचा. गिरणीत मागाला साचाच म्हणायचे. गिरणीला टाळं लागलं तेव्हा तो आतच राहिला.

कॉटन ग्रीनच्या एका गोदामात गॅरेज होतं. तिथले मिस्त्री आमच्या चाळीतले, मालवणकडचे. त्यांनी बाबांना एवढंच विचारलं, "हात चलतत ना? मगे ये."

तिथे मलबार हिलच्या एका शेटची जुनी गाडी आली होती. इंजिन आणि सांगाडा शाबूत, पण वरच्या बॉडीची गंजून चाळण झालेली. ती उतरवून मिस्त्री ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी बॉडी हाताने ठोकत होते. शेटना आतलंही बदलून हवं होतं. या गाडीचे म्हणे दोन प्रकार निघत. एक शर्यतीचा, आत नुसता पत्रा. दुसरा शौकिनांचा, त्यात कातडी सीट, लाकडी डॅशबोर्ड, पायाखाली गालिचा. शेटकडे पहिला होता, त्यांना तो दुसऱ्यासारखा करून हवा होता. त्यासाठी सायीच्या रंगाचं कातडं परदेशातून आणलं होतं, जेमतेम सीटपुरतं.

ते शिवायचं काम बाबांकडे आलं. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पत्रा ठोकणारा एक जण त्यांना विचारत होता, "काय गिरणीवाले, आज किती वार काढले?"

"वार कुठले, वीतभर," बाबा म्हणाले. "पण तुझ्या पत्र्यासारखे पोचे नाहीत त्यात."

सगळे हसले. बाबासुद्धा. संपात ते इतके गप्प झाले होते, की त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं. ही गाडी नीट गेली की कायम ठेवतो, असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. माझं शिक्षण चालू राहणार की नाही, हे त्या 'कायम' शब्दावर होतं.

मग दसरा आला. गिरणी चालू असताना दसऱ्याला बाबा साच्याला झेंडूची माळ घालत आणि ओल्या कुंकवाची पाच बोटं उमटवत. लहानपणी मी ते पाहायला जायची. गॅरेजातही पूजा होती. कोणी हातोड्याला कुंकू लावलं, कोणी वेल्डिंगच्या यंत्राला. बाबांनी नव्या सीटला माळ घातली, कुंकू पाण्यात कालवलं आणि पाचही बोटं सीटच्या पाठीवर टेकवून हात जोडले. ताट माझ्या हातात होतं. मलाही ते बरोबरच वाटलं. त्यांचा साचा आता तोच होता ना.

कातड्याने रंग पिऊन टाकला. बाबांनी ओल्या फडक्याने पुसलं, तसा तो पसरत गेला. मिस्त्री आले आणि बघतच राहिले. त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शेट आले. ते रागावले नाहीत, असं बाबा सांगत. "तुम्ही भावनेने केलंत, मला कळतं," असं म्हणाले. "पण मी या सीटवर बसू कसा?" तसं कातडं पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी मिस्त्री आमच्या दारात आले, आत आले नाहीत. "माका आता तुका ठेवूक जमाचा नाय," म्हणाले आणि खाली मान घालून गेले.

बाबा बराच वेळ स्वतःची बोटं बघत होते. मग मला म्हणाले, "साच्याला कधी डाग पडला नव्हता गो."

नंतर ते एका सोसायटीत वॉचमन झाले. मी शिकवण्या घेऊन कॉलेज कसंबसं चालू ठेवलं. पुढच्या दसऱ्याला आईने पाटावर माझी पुस्तकं मांडली, कारण पूजा करायला घरात दुसरं काही नव्हतं. बाबांनी कुंकू कालवलं, त्यात बोट बुडवलं आणि पुस्तकावर हात धरून थांबले.

"बाय, याला चालेल?"

"चालेल, बाबा."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. मग बोट आपल्याच लेंग्याला पुसलं आणि पुस्तकावर नुसतं फूल ठेवलं.