जमादाराच्या हातातली बशी

फरशी पुसताना फिनाईलचा वास आला, की मी पन्नास वर्षांपूर्वीच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन पोचते. दारूच्या केसमध्ये कोर्टानं बाबांना जेलऐवजी तिथं धाडलं होतं. सोबत पोलीस जमादार होता. बाबांचे हात इतके थरथरत होते, की चहा अंगावर सांडत होता. शेवटी जमादारानंच बशी त्यांच्या ओठांशी धरली.

"प्या मामा, लाजता काहून?"

उरलेला चहा त्यानं त्याच बशीतून पिऊन टाकला.

मी शरमेनं खाली बघत होते. आमच्या फाट्यावरच्या हॉटेलात आम्हा बौद्धांच्या कपबश्या वेगळ्या ठेवत, हे मला तेव्हा आठवलंच नाही. बाबांना आठवलं. दारू सुटल्यावर ते जन्मभर सांगायचे, "गोळ्या मागून सुरू झाल्या बाई, गुण त्या बशीनंच आला."