शेक हांगच्या फाट्यावरची लाल सुतळी

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी लोयताय आलं ठेचत होती. हाँगकाँगच्या उत्तर टोकाला, शुई आउ गावात मिनीबस जिथं वळून परत फिरते, तिथं तिची पत्र्याची टपरी आहे. टपरीत एकच पदार्थ मिळतो. खरवसासारखं थरथरणारं टोफू आणि त्यावर आल्याचा गरम पाक. डोंगर उतरून आलेले ट्रेकर बस सुटायच्या आत वाटी संपवतात. ज्यांना वेळ नसतो त्यांना ती डबा बंद करून देते आणि त्यावर लाल प्लॅस्टिकची सुतळी आवळून बांधते.

शनिवार होता, आणि चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्यातली नववी तिथी. पितरांच्या थडग्यांवर जायचा दिवस. त्या दिवशी स्टेशनवर पहाटेपासून रांग लागते.

साडेसातला पहिली मिनीबस वर आली. ड्रायव्हर पाऊनं काच खाली केली.

"मावशी, तुझा भाऊ यात नाही हं. रांगेत उभाय. हातात भाजलेल्या डुकराचं खोकं, आणि मागची माणसं वासानं वेडी झालीयेत."

"तू कसं ओळखलंस?"

"ऑक्टोबरात हाफ शर्ट घालून घाम पुसणारा माणूस इंग्लंडचाच असणार. शिवाय नाक तुझंच."

"मग चढवायचं होतंस की त्याला."

"गाडीत उभ्यानं नेता आलं असतं तर अख्खं स्टेशन आणलं असतं. आणतो पुढच्या फेरीला."

लोयतायनं आल्याचा चोथा पिळला. तिचं वय बहात्तर. तिच्या नावाचा अर्थ 'धाकटा भाऊ येवो' असा. त्या काळी मुलींची अशी नावं सर्रास ठेवत. तिच्या पाठीवर खरोखरच भाऊ आला, थिन-सांग. सतराव्या वर्षी तो इंग्लंडला गेला आणि पुढची चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांसाठी नूडल्स परतल्या. तिचं माहेरगाव शेक हांग, खिंडीपलीकडं. तिथं आता कोणी राहत नाही. आईवडिलांचं थडगं खिंडीच्या अलीकडच्या उतारावर आहे. मुख्य पायवाटेला जिथं फाटा फुटतो, तिथून वीस मिनिटं आत.

ऑगस्टमध्ये थिन-सांगचा फोन आला होता. "ताई, मी येतोय. वाट उघडी असेल तर ठीक. नसेल तर अस्थी काढून शहरात ठेवू, त्या भिंतीतल्या कप्प्यात. लिफ्टनं जाता येतं. कोयता चालवणं आता माझ्याच्यानं होणार नाही."

"बघ बाबा. मुलगा तू आहेस," असं लोयताय म्हणाली. दुसरं काही म्हणायची तिला सोय नव्हती. दिल्या घरच्या मुलीनं माहेरच्या थडग्यांकडं बघायचं नसतं. नाहीतर ती सासरचं नशीब माहेरी वाहून नेते म्हणतात. टपरीची जागा नवऱ्याच्या पुतण्याची आहे, आणि पुतण्याचा या गोष्टींवर विश्वास आहे.

तरीही थडग्याकडची वाट बरीच वर्षं उघडी राहिली होती. बाहेरगावी गेलेल्या लोकांच्या थडग्यांच्या वाटा एका पावसाळ्यात रानात बुडतात. ही बुडली नाही, कारण ट्रेकर चुकत होते. इथल्या डोंगरांत आधी गेलेले लोक वळणावळणावर फिती बांधतात आणि मागून येणारे फिती बघून चालतात. शेक हांगच्या फाट्यावर एका झाडाला लाल सुतळी बांधलेली असे. लोक ती पाहून आत वळत, वीस मिनिटांनी एका थडग्यासमोर येऊन उभे राहत, अवघडून हात जोडत आणि परत फिरत. दर रविवारी चार-दोन तरी चुकायचेच. तेवढी पावलं पुरत.

मे महिन्यात मोक यांनी ती सुतळी काढून टाकली. मोक पोस्टात नोकरीला आहेत आणि रविवारी पंधरा जणांचा गट घेऊन येतात. डोंगरातला कचरा उचलायचा आणि चुकीच्या फिती काढायच्या, हा त्यांचा शिरस्ता आहे. त्या दिवशी टपरीवर बसून त्यांनी आनंदानं सांगितलं होतं, "मावशी, कुणा मूर्खानं लोकांना थडग्यावर पाठवायची सोय केली होती. आज बंद केली."

लोयतायनं त्यांना नेहमीपेक्षा थोडा कमी पाक घातला.

पावसाळा जोरात झाला. भावाच्या फोननंतर ती एकदा कोयता घेऊन गेली. फाट्यापासून शंभरएक पावलांवर तिचा गुडघा अडला आणि ती परत आली. काट्यांनी ओरबाडलेले हात पाऊनं पाहिले. कुठं गेली होतीस, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी शहरातून मलम आणून दिलं.

सप्टेंबरच्या मध्यावर एका रविवारी मोक यांनी घरी न्यायला दोन डबे मागितले. लोयतायनं ते बांधले. मोक यांनी गाठीकडं पाहिलं. मग सुतळी बोटावर ओढून पाहिली.

"मावशी, ही सुतळी..."

पाऊ बसच्या पायरीवर बसून खात होता. तो तोंडात घास असतानाच म्हणाला, "साहेब, बाजारात सगळीकडं हीच मिळते. मासेवाला हीच बांधतो, फुलवाली हीच बांधते. अख्खं हाँगकाँग हिच्यावर लटकलंय."

"मी गाठीबद्दल बोलतोय. अशी दुहेरी."

"गाठ काय, गाठीसारखी गाठ."

मोक यांनी लोयतायच्या हातांकडं पाहिलं. ओरखडे अजून पुरते गेले नव्हते. "कोणाचं आहे ते थडगं?" त्यांनी विचारलं.

"याऊ घराण्याचं," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा इंग्लंडला असतो. यंदा येतोय. वाट नसली तर उचलून नेणार."

"आणि मुलगी?"

"तिचं लग्न झालं."

मोक यांनी पैसे दिले, डबे घेतले आणि बसमध्ये चढले.

पुढच्या रविवारी त्यांचा गट उशिरा खाली आला. सगळ्यांच्या बाह्यांना कुसळं चिकटलेली, आणि मोक यांच्या पिशवीतून छाटणीची कात्री डोकावत होती.

"काय झालं?" लोयतायनं विचारलं.

"वाट चुकलो," मोक म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी ते पुन्हा चुकले. गटातली एक बाई कुरकुरली, "पोस्टातला माणूस, आणि लागोपाठ दोनदा पत्ता चुकतो." मोक म्हणाले की वय झालं. तिसऱ्या रविवारीही वय झालेलंच होतं. लोयतायनं त्या दिवशी पाक वाटीच्या काठापर्यंत घातला आणि त्यांनी तो सांडू न देता संपवला.

शनिवारी थिन-सांग पाऊच्याच मिनीबसच्या दुसऱ्या फेरीनं आला. खोकं, उदबत्त्या, दगडावरची अक्षरं भरायला लाल रंगाचा डबा, ब्रश आणि बाजारातून घेतलेला नवा कोयता. बहिणीला पाहून तो म्हणाला, "बुटकी झालीस."

"तू फुगलास म्हणून तसं वाटतं."

फाट्यापर्यंत ती त्याच्याबरोबर काठी टेकत गेली. तिथं थांबली. आत वाट पडलेली होती. दोन्ही बाजूंचं गवत कापलेलं, माती पायांनी दबलेली.

"ही कोणी राखली?"

"ट्रेकर. चुकतात बिचारे."

"एवढे चुकतात?"

"शहरातले आहेत."

थिन-सांगनं कोयता परत कागदात गुंडाळला. "चल."

"मी कशाला? मी दिल्या घरची."

"मला चष्मा लावूनही अक्षरं दिसत नाहीत. कोरलेल्या नावांत रंग कोण भरणार? हे डुक्कर?"

ती गेली. दगडावर आईवडिलांची नावं होती. लाल रंग अजून ठळक, कडेला जरासा ओघळलेला. वसंतात, वाट उघडी होती तेव्हा कुणीतरी भरलेला. थिन-सांग चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिला. त्याला दिसत होतं.

"रंग बरा टिकलाय," तो म्हणाला.

"पाऊस कमी झाला यंदा."

"पाऊ सांगत होता, दोनदा रस्ता वाहून गेला."

"तो जास्तच बोलतो."

दोघांनी उदबत्त्या लावल्या, त्या पुरत्या विझेपर्यंत थांबले, राखेवर पाणी ओतलं. मग थिन-सांगनं मांस कापलं. थडग्यावरच्या मांसाचा वाटा मुलांना मिळतो, मुलींना नाही. त्यानं सारखे दोन वाटे केले आणि कुरकुरीत सालीचा तुकडा तिच्या वाट्यावर ठेवला. तिथंच दगडावर बसून तिनं तो खाल्ला. कप्प्यांचा विषय निघाला नाही.

परतताना फाट्यावर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी ही वाट मला सापडायला हवी." लोयतायनं खिशातून सुतळी काढली. तो उंच असल्यानं त्यानंच ती बांधली, आणि गाठ साधीच बसली. तिनं ती सोडवून खालच्या फांदीवर पुन्हा बांधली, दुहेरी.

उद्या रविवार. पहिली मिनीबस स्टेशनवरून सात वाजून दहा मिनिटांनी सुटते. मोक यांनी पंधरा वाट्या राखून ठेवायला सांगितल्या आहेत, नेहमीपेक्षा पाऊण तास उशिरा.