मुक्ताबाईंचा पगार

श्रीरामपुरात रंगनाथचं गाद्यांचं दुकान होतं. रंगनाथचं, असं आपलं म्हणायचं. खोळ बेतण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं त्याची बायको मुक्ताबाई करायची. रंगनाथ गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, आणि त्यात तो फार हुशार होता.

मी त्यांचा आयकर वकील. १९७१ साली मीच सुचवलं, मुक्ताबाईंना महिना शंभर रुपये पगार द्या. त्या खरंच काम करतात, तेव्हा तो खर्च नफ्यातून वजा होईल आणि कर वाचेल. दर एक तारखेला बाई पावतीवर सही करायच्या आणि ती शंभराची नोट तशीच गल्ल्यात परत टाकायच्या.

"नवऱ्याकडून मोल घ्यायचं? मी काय रोजंदारीची बाई हाय?"

मी चिडायचो, त्या हसायच्या.

पुढच्या साली आयकर अधिकाऱ्यांना संशय आला. बायकोचा पगार नुसता कागदावरचा असणार, म्हणून त्यांनी दोघांना नगरला बोलावलं. मी बाईंना दहादा बजावलं, फक्त खरं सांगा.

"दुकानात काय काम करता?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पदर सावरला. "मी कशाचं काम करती? समदं ह्येच करत्यात. मी आपली घरात."

मी कपाळावर हात मारला. चारचौघांत नवऱ्याला कमीपणा आणायचा नाही, हीच त्यांची शिकवण. पायावर धोंडा पडला तरी बेहत्तर! साहेबांनी पगाराचा आकडा खोडायला पेन उचललं.

तेवढ्यात रंगनाथ उभा राहिला.

"साहेब, ती खोटं बोलतीया. माझी अब्रू राखाया. मला सुईत दोरा सुदिक ववता येत न्हाई. अठरा वरसं तीच शिवती अन् मी मिरवतो. तिची बोटं बगा."

बाईंनी हात पदराखाली लपवले. साहेब म्हणाले, "दाखवा, बाई." बोटांच्या टोकांची सुईनं चाळण झालेली होती. साहेबांनी पगार मान्य केला.

मला रंगनाथचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाज. मला त्या बाईत फक्त वाचणारा कर दिसला होता.

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला रंगनाथ माझ्याकडे आला. चेहरा नुसता फुलला होता.

"वकीलसाहेब, काल नोट गल्ल्यात परत आली न्हाई!"