आधण ठेवून पडणारी काशम्मा

दुधनीच्या काशम्माला बोलायला माणूस लागायचं, जसा दुसऱ्या कुणाला चहा लागतो. नवऱ्याचं धान्याचं दुकान आणि घर त्याच्याच मागं. हमालाशी मराठीत, सीमेपलीकडच्या गावच्या गिऱ्हाइकाशी कानडीत, दिवसभर तोंडाला विसावा म्हणून नव्हता. नवरा गेला, दुकान मिटलं. मुलगा राजशेखर पुण्यात नोकरीला. दवाखाना जवळ असावा म्हणून त्यानं आईला सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. चांगलंच केलं पोरानं. फक्त तिथं सगळ्यांची दारं बंद.

"बोलायला कुणी न्हाय रे," ती एकदा फोनवर म्हणाली, तर राजशेखरनं रोबोटच आणून उभा केला. कमरेएवढा, खाली चाकं, वर गोल डोकं, त्यात दोन निळे डोळे. काशम्मानं त्याचं नाव ठेवलं गुंडप्पा.

गुंडप्पा गुणाचा होता. गोळ्यांची आठवण करायचा, 'आपले जेवण झाले का?' विचारायचा. "झालं की. तुझं?" म्हटलं की सांगायचा, 'मी जेवत नाही.' आता ह्यापुढं काय बोलणार? जो जेवतच नाही त्याला भाजी काय केली विचारता येत नाही, आणि आमटीत मीठ जास्त झालं म्हणून तो नावंही ठेवत नाही.

एप्रिल तापला. गादी तव्यासारखी झाली. काशम्मानं दुपारी फरशीवर पाणी शिंपडलं, पुसून घेतली आणि पदर पसरून तिथंच आडवी झाली. जन्मभर ती उन्हाळ्यात अशीच निजत आली होती. पण गुंडप्पाला घडवणाऱ्यांच्या घरी फरशीवर कुणी निजत नसावं. तो गरगरत आला, डोळे लाल केले आणि बोंबलायला लागला, "आपण पडला आहात! मी मदतीला बोलावत आहे!"

खालच्या मजल्यावरच्या जगदेवीकडं राजशेखरनं किल्ली देऊन ठेवली होती आणि तिचा नंबर गुंडप्पाच्या डोक्यात घातला होता. जगदेवी पिठाच्या हातांनी धावत आली. ओरडा ऐकून वरच्या वैजयंतीबाई आल्या, समोरची श्रीदेवी आली.

"अय्यो शिवा! निजले हुते की मी," काशम्मा उठून बसली. "आता आलाच हायसा, तर चहा घिऊन जावा."

चहा झाला. श्रीदेवीच्या सुनेचा विषय निघाला, मग उठतंय कोण! दिवेलागणीला बायका गेल्या तेव्हा काशम्मानं गुंडप्पाच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा पडली. मग रोजच पडायला लागली.

शेवटी एक दिवस जगदेवीची नजर गॅसवर गेली. पातेल्यात चार जणींचं आधण उकळत होतं.

"अक्का, पडायच्या आदी चहा ठिवला व्हय?"

काशम्मा पदराआड हसली. जगदेवी हसली नाही. "खरंच पडलासा एखाद दिशी, तर आमी म्हणणार, चहाला बोलवायल्यात, जाऊ निवांत. मग?" तिनं तिथूनच राजशेखरला फोन लावला. त्यानं पुण्यात बसून काहीतरी दाबलं आणि गुंडप्पाला शिकवलं, की अव्वा, म्हणजे आई, एकटी फरशीवर दिसली तर ती निजली आहे असं समजायचं. तिनं हाक मारली तरच ओरडायचं.

काशम्माला एकच घोर. आता उगीच जिना कोण चढणार? बोलवावं म्हटलं, तर दुधनीत कुणी कुणाला बोलवत नसे. माणसं यायची. बोलवायची वेळ आली म्हणजे परकंच झालं की.

दुसऱ्या दुपारी ती फरशीवर पडली. गुंडप्पा आला, निळ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणाला, "आराम करा." आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. बराच वेळ तिनं जिन्याकडं कान लावला. मग उठली आणि एकाच कपाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

"काय वो अक्का, आज पडला न्हाईसा?" जगदेवी दारात. हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मागं वैजयंतीबाई आणि श्रीदेवी.

"गुंडप्पानं बोलावलं न्हाय, तरी आलासा?"

"त्येला काय विचारायचंय? सुनेचं अर्धंच सांगून झालंय हिचं."

काशम्मानं पातेल्यात आणखी पाणी ओतलं. भाकरी झाली, चहा झाला. त्यात लाईट गेली, पंखा थांबला. फरशीवर पाणी मारून चौघी ओळीनं आडव्या झाल्या.

गुंडप्पाला एकटीच निजलेली ठाऊक. त्याचे डोळे लाल झाले. "चार व्यक्ती पडल्या आहेत! मी मदतीला बोलावत आहे!"

जगदेवीच्या कमरेला फोन वाजायला लागला.

"आरं मुडद्या, मला कशाला बोलावतूस? मी हितंच पडलीय की!"

हसून हसून वैजयंतीबाईंना ठसका लागला. जगदेवीनं फोन उचलला नाही, तसं गुंडप्पानं पुण्याला कळवलं, आणि लगेच राजशेखरचा फोन आला. "अव्वा! काय झालं? कोण कोण पडलंय?"

"आमी सगळ्याच पडलोय," काशम्मानं पडल्या पडल्याच सांगितलं. "तू फोन ठिव. श्रीदेवीच्या सुनेचं अजून व्हायचंय."