शेळीनं खाल्लेली मनाई

अबाकच्या बाजारात एकेमिनीचे खराटे आधी संपत. तेलमाडाचे हीर तिच्याइतके घट्ट कुणी बांधत नसे. नवरा गेल्यापासून ती त्या खराट्यांवर आणि घरामागच्या कसाव्याच्या तुकड्यावर जगत होती. तुकडा आपला, असं धाकट्या दिराचं, उदोफियाचं म्हणणं. भांडण पंचांकडे गेलं. एते इन्यांग हे त्यांतले वडीलधारे. त्यांनी शेताच्या तोंडाशी माडाची कोवळी, पिवळी झावळी बांधली. ती असेतो दोघांनीही आत पाऊल टाकायचं नाही. जो ती काढील, त्याचा दावा बुडाला.

आणि त्या सकाळी झावळी जागेवर नव्हती. एकेमिनीची शेळी दावं तोडून तिथे उभी होती, तोंडातून पिवळी पाती लोंबत होती.

कोण विश्वास ठेवणार? कोयत्यानं तिनं दुसरी झावळी कापली, बांधायला हात वर केला आणि थबकली. पंचांची गाठ तिला येत नव्हती. चोरून बांधली तर ती मनाई नव्हे, फसवणूक.

"काय वहिनी, शेत सजवताय?" मागे उदोफिया.

"शेळीनं खाल्ली."

"बरी शिकवलीत. रान सोडून नेमकी तेवढीच खाल्ली."

"शिकवता आलं असतं तर भावजी, तुमच्यापासून सुरुवात केली असती. चला एतेंकडे. तुम्हीच साक्षीदार."

एतेंनी शेळीचा जबडा उघडून चघळलेलं पान बाहेर ओढलं.

"दावं कुणी बांधलं होतं?"

"मी, एते."

"ढिलं बांधलंस. शेळी दंडात गेली."

"आणि शेत?" उदोफियानं विचारलं.

"शेताचं काही बोललो का मी? पाप लपवायचं असतं तर तुलाच घेऊन आली असती का? निकाल पंच बसतील तेव्हा."

एते नवी झावळी बांधायला निघाले, चांगली उंचावर. दावा शाबूत होता, तरी गाठ बसेपर्यंत एकेमिनीनं उदोफियाच्या हातांवरची नजर हलवली नाही.