साडूभाऊंचे पेशंट

कुंडीला पाणी घालणाऱ्या माणसांवर आमच्या साडूभाऊंइतका राग धरणारा दुसरा माणूस पृथ्वीवर नसेल, आणि नेमके हे गृहस्थ राहतात सिंगापुरात, जिथे आभाळच दुपारी कुणाला न विचारता पाणी घालून जातं. नोकरीने ते बँकेत जोखीम मोजतात, पण कुणी "काय करता?" विचारलं, की बँकेचा उल्लेख यायच्या आत "मी सक्युलंट बघतो" असं सांगून मोकळे होतात. सक्युलंट म्हणजे ती जाड पानांची, पोटात पाणी साठवून ठेवणारी झाडं. त्यांना सरसकट कॅक्टस म्हटलेलं त्यांना खपत नाही. एका बारशाला यजमानीणबाईंनी कौतुकाने "आमचा कॅक्टस बघितलात का?" म्हटलं, तर यांनी पाळण्याकडे पाठ करून सगळ्या पाहुण्यांना समजावलं, की काटे कापसासारख्या बारीक ठिपक्यातून निघत असतील तरच तो कॅक्टस, नाहीतर कूळच वेगळं. "नाव चुकलं की उपचार चुकतो," असं ते बजावून म्हणाले. बाळाचं नाव काय ठेवलं, हे मात्र त्यांना आजही सांगता येत नाही.

सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, चोआ चू कांगला, त्यांच्या फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ओळखीपाळखीच्या लोकांची आजारी झाडं रांगेने बसलेली असतात. साडूभाऊ पान दोन बोटांत धरतात, डोळे मिटतात आणि वैद्याने नाडी बघावी तसे गप्प होतात. पान सुरकुतलेलं असेल तर तहान. पिवळं, काचेसारखं पारदर्शक होऊन पिचकत असेल तर पाणी जास्त झालं. मान लांब करून एकीकडे झुकलं असेल तर ऊन कमी. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. मग स्पिरिटात बुडवलेली कापसाची काडी घेऊन एकेक ढेकूण टिपायचा. "घरात कान साफ करायला एक काडी सापडेल तर शपथ," अशी मेव्हणीबाईंची तक्रार असते. त्यानंतर येतो तो प्रश्न, "शेवटचं पाणी कधी घातलंत?" तो अशा आवाजात येतो, की कोर्टात न अडखळणाऱ्या एका बड्या वकिलाला मी त्यापुढे चाचरताना पाहिलंय. त्यांची लेक एकदा कंटाळून, शेवटी तिथल्या बोलीतला 'लाह' जोडून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ प्लांट, लाह." साडूभाऊ काडी न थांबवता म्हणाले, "हो ना. म्हणून तर त्याला सांगता येत नाही, कुठे दुखतंय ते."

त्यांच्या शेजारी एक चिनी आंटी राहायच्या. त्यांचे यजमान गेले आणि मागे एक अडेनियम राहिलं, बुंध्याला पोट सुटलेलं, लाल फुलांचं. यजमान रोज सकाळी त्या झाडापाशी उभं राहून बोलत असत. आंटींना ते बोलणं जमेना, म्हणून त्यांनी रोज पाणी घालायला सुरुवात केली. पानं गळाली, बुंधा मऊ पडला. एका रविवारी मी साडूभाऊंकडे गेलो होतो, तेव्हा आंटी कुंडी पोटाशी धरून दारात आल्या. "डॉक्टर, दिस वन डाय ऑलरेडी?" साडूभाऊंनी बुंधा दाबला. अंगठा आत गेला. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, माती झाडली, काळी पडलेली मुळं कापून टाकली, आणि सुरी दर वेळी स्पिरिटने पुसत बुंध्याच्या चकत्या काढायला सुरुवात केली. मी झाड धरून होतो. "अजून तपकिरी," ते म्हणायचे आणि आणखी थोडं कापायचे. सगळाच बुंधा संपतो की काय, असं वाटायला लागलं. आंटी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. शेवटी एक चकती पांढरीशुभ्र निघाली, तेव्हा साडूभाऊ फरशीवर मागे टेकून बसले.

उरलेला तुकडा सावलीत टांगून जखम वाळू दिली, मग जाड रेतीत लावून आंटींकडे परत पाठवला. ताकीद एकच होती, पाणी घालायचं नाही. पुढच्या आठवड्यात रेती ओली. साडूभाऊ आता आंटींना फाडून खाणार, असं वाटून मेव्हणीबाई आधीच मध्यस्थीला धावल्या. पण साडूभाऊ बाजारात गेले आणि पांडनची कुंडी घेऊन आले; भाताला वास देणाऱ्या त्या हिरव्या पात्यांना कितीही पाणी चालतं. ती त्यांनी आंटींच्या दारात ठेवली. "दिस वन, एव्हरी डे वॉटर. दॅट वन, ओन्ली टॉक."

"टॉक व्हॉट?"

"एनिथिंग. आय टॉक मराठी."

आंटींनी जरा विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांडनला पाणी घालून त्या अडेनियमकडे वळल्या आणि हळू आवाजात चिनीत काहीतरी सांगू लागल्या. पुढे ते रोजचंच झालं. बऱ्याच दिवसांनी बुंध्याच्या टोकाला हिरवा ठिपका दिसला. साडूभाऊ इंग्रजी विसरून "पान आलं" म्हणाले, आणि आंटींनी कळल्यासारखी मान डोलावली.

मग आंटी मुलीकडे राहायला गेल्या, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेडोकला. झाड अर्थातच सोबत गेलं. साडूभाऊ अधूनमधून रविवारी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तिकडे जातात. पेशंटची तपासणी आहे म्हणून घरी सांगतात. मागच्या खेपेला मीही गेलो. अडेनियम भर उन्हात लाल फुलांनी लगडलं होतं. साडूभाऊंनी बुंधा दाबला, तो दगडासारखा टणक होता. आंटींनी कॉफी दिली, दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत थोडं बोलले, बराच वेळ नुसते झाडाकडे बघत बसले, आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "झाड तर ठणठणीत आहे. मग एवढ्या लांब कशाला येता?"

"शेजारी आता नवे लोक आलेत. भली माणसं आहेत," ते म्हणाले. "पण सकाळी चहा घेताना ते चिनी बोलणं ऐकू यायचं. एक अक्षर कळायचं नाही. त्याची सवय झाली होती हो."