चिखल्यांचं हिंदी

काल मुन्शी घाटाजवळच्या गल्लीतून घोटाभर पाण्यातून घरी आले. पाय साबणाने धुतले, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्या आणि पावडर टाकली. त्या कापरासारख्या वासाने मला थेट सातवीत नेलं.

शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या परेडसाठी माझी पहिल्यांदाच निवड झाली होती आणि रोजच्या ओल्या मोज्यांनी पायाला चिखल्या झाल्या होत्या. लंगडताना दिसले असते, तर मॅडमनी मला काढलंच असतं. आई दवाखान्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "तूच सांग डॉक्टरांना." घराबाहेर सगळीकडे हिंदीच, त्यामुळे मी तिथे फारसं बोलत नसे. चिखल्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून मनातल्या मनात हिंदी केलं.

"पैर में कीचड़ हो गया है."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तो धो लो, बिटिया. इसमें डॉक्टर क्या करेगा?"

बाकावर बसलेले सगळे पेशंट हसले. मी रडकुंडीला येऊन मोजा काढला आणि पाय पुढे केला.

"अच्छा, पानी लगा है. उँगलियाँ सूखी रखो, मोज़ा रोज़ बदलो," म्हणत त्यांनी पावडर लिहून दिली.

बाकावरच्या एका आजींनी लगेच चप्पल काढली. "हमरो इहे हाल बा." त्यांच्याही पायांची हीच गत होती. मग शेजारच्या बाईंनीही काढली.

तेव्हा वाटलं, जन्मभराची शोभा झाली. आता वाटतं, कुणीतरी आधी पाय दाखवावा म्हणून त्या दोघी थांबल्या असाव्यात.

परेडमध्ये मी दोनदा डावा-उजवा चुकले, पण लंगडले नाही.